‘औदुंबर’चे अर्थ आणि त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचे आयुष्य

त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशातील धरणगाव येथे झाला. ५ मे १९१८ रोजी त्याच खानदेशात, जळगावजवळच्या भादली रेल्वे स्थानकावर, आगगाडीच्या अपघातात त्यांचा अंत झाला. अठ्ठावीस वर्षेही पुरी न झालेल्या या आयुष्यातील दोनच घटना मराठी वाचकांच्या स्मरणात ठसठशीत राहिल्या : कोवळ्या वयात मिळालेली ‘बालकवी’ ही पदवी आणि अकाली आलेला हा मृत्यू. त्यांच्या कवितेच्या आकलनावर या दोन घटनांनी जेवढा अंमल गाजविला, तेवढा त्यांच्या उरलेल्या सगळ्या आयुष्याने मिळूनही गाजविला नाही. पदवीमुळे त्यांच्या कवितेत जे होते तेही काही काळ दिसले नाही. मृत्यूमुळे जे नव्हते तेही पुढे दिसू लागले. ‘औदुंबर’ या अवघ्या आठ ओळींच्या कवितेचा इतिहास तपासताना ही गोष्ट विशेषत्वाने जाणवते.

वडील बापूराव पोलीस खात्यात होते. नोकरीतील बदल्यांमुळे कुटुंबाला खानदेशातील गावोगाव बिऱ्हाड हलवावे लागे. साहजिकच शिक्षणात सलगता राहिली नाही आणि औपचारिक अभ्यास फार पुढे गेला नाही. परंतु या भटकंतीची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापी-गिरणेच्या खोऱ्यापर्यंतचा प्रदेश त्या मुलाच्या डोळ्यांखालून गेला. उन्हाळ्यात आटणारे ओढे, डोहापुरते उरणारे पाणी, काठावरची दाट झाडी, टेकडीच्या आडोशाला असलेली चार-दोन घरांची वस्ती हे सगळे त्याला सहलीत पाहावे लागले नाही. ते त्याचे नित्याचे परिसर होते. बालकवींच्या निसर्गाला इंग्रजी स्वच्छंदतावादी कवींच्या निसर्गाचे भाईबंद ठरविणाऱ्यांनी या साध्या वस्तुस्थितीकडे बरेचदा पाठ फिरविली आहे.

जळगाव हे त्या काळी कवितेचे एक ठाणेच होते. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये सुरू केलेले ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक तेथूनच निघे. याच गावी १९०७ मध्ये पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबरे यांनी तेथे म्हटलेल्या कवितेने जमलेली मंडळी थक्क झाली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. ठोंबरे हे नाव तेव्हापासून मागे पडले ते कायमचेच.

पदवी देणारे कीर्तिकर हे वैद्यकीय सेवेतील लेफ्टनंट कर्नल होते, कवी होते आणि नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञही होते. मेजर बामनदास बसू यांच्या सहकार्याने त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील मोठा ग्रंथ १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कीर्तिकर त्याच्या आदल्या वर्षीच निवर्तले होते. त्या ग्रंथात उंबराचीही नोंद आहे : पाने, साल, चीक, फळ आणि त्यांचे गुणधर्म. ज्या वर्षी ही शास्त्रीय नोंद छापून आली त्याच वर्षी उंबरावरची मराठीतील सर्वांत गाजलेली कविता लिहिणारा कवी मरण पावला. हा निव्वळ योगायोग आहे, त्याला काही अर्थ नाही. परंतु बालकवींच्या चरित्रात असे योगायोग सापडले की त्यांना अर्थ चिकटविण्याचा मोह होतो. तो मोह हाच येथे चर्चेचा विषय आहे.

पदवीचा परिणाम प्रथम पाहू. बालकवी म्हटले की निरागसता, फुले, पाखरे, चांदणे आणि आनंद असे समीकरण रूढ झाले. ‘फुलराणी’, ‘श्रावणमास’, ‘अरुण’, ‘निर्झरास’ या कविता लोकप्रिय झाल्या, पाठ्यपुस्तकांत गेल्या आणि मुलांच्या तोंडी बसल्या. ‘फुलराणी’त एका कळीचे लाजणे, तिचे स्वप्न आणि सूर्यकिरणाशी होणारे तिचे लग्न यांची कथा आहे. लहान मुलांना ती परीकथेसारखी वाटते आणि तशी वाटण्यात काही गैर नाही. मात्र कुमारिकेच्या मनातील पहिल्या प्रणयभावनेचे इतके संयत चित्रण त्या काळच्या मराठी कवितेत अन्यत्र शोधून काढावे लागेल, हे ओळखायला प्रौढ वाचकांनी बराच वेळ घेतला. कवी ‘बाल’ असल्यामुळे त्याची कविताही बालच असणार, असे गृहीत धरले गेले. वाचक कवीच्या मनात नसलेले अर्थ काढतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कवितेत उघड दिसणारे अर्थ न काढण्याची वृत्ती तितकीच जुनी आहे, पण तिच्याविषयी कोणी तक्रार करीत नाही.

कविसंमेलनाच्या सुमारास त्यांच्या आयुष्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला होता आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे त्यांचे वास्तव्य होते. धर्मांतरित माणसाच्या घरी ब्राह्मण कुटुंबातील मुलाने राहणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तरीही ठोंबरे टिळकांच्या घरी राहिले आणि त्या घरचे झाले. फुलामुलांचे कवी म्हणून टिळकांची जी ख्याती आहे ती लक्षात घेता बालकवींच्या निसर्गदृष्टीवर त्यांचा संस्कार झाला असणार, हे मान्य करावे लागते. परंतु टिळकांच्या फुलामागे निर्मात्याचा हात असतो. बालकवींचे फूल बहुधा स्वतःपुरतेच असते, आणि जेथे ते स्वतःपलीकडचे काही सुचविते तेथे ते काय सुचविते हे कवी सांगत नाही. न सांगण्याचा हा धर्म त्यांना टिळकांकडून आलेला नाही.

पुढची वर्षे ओढगस्तीची गेली. काही काळ शिक्षकाची नोकरी केली. स्थैर्य मिळाले नाही. विवाह लवकर झाला होता, संसारात स्वास्थ्य नव्हते आणि पैशाची चणचण कायम होती. याच काळात त्यांच्या कवितेत उदासीनतेचा सूर गडद होत गेल्याचे बहुतेक अभ्यासकांनी नोंदविले आहे. ‘पारवा’, ‘खेड्यातील रात्र’ यांसारख्या कविता वाचल्यावर ‘आनंदी आनंद गडे’ लिहिणारा कवी हाच का, असा प्रश्न पडतो. एकाच कवीच्या कवितेतील आनंद आणि खिन्नता यांची सांगड घालणे हे बालकवींच्या समीक्षेपुढचे जुने कोडे आहे. ते सोडविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कालक्रम : आधी सुख, मग दुःख, मग मृत्यू. हा मार्ग सोपा असला तरी निर्दोष नाही. मनाच्या दोन वृत्ती एकाच महिन्यात, किंबहुना एकाच दिवशीही नांदू शकतात. चरित्राची सरळ रेषा कवितांवर लादली की कविता त्या रेषेवरचे मुक्काम होऊन बसतात.

भादलीच्या अपघाताने ही रेषा पूर्ण करून दिली. स्वतःच्याच तंद्रीत रुळांवरून चालणारा, गाडीचे भानही न राहिलेला कवी असे त्या मृत्यूचे चित्र लोकमानसात तयार झाले. काहींनी त्यामागे आत्मघाताचाही संशय घेतला. रेल्वेच्या रुळांवर माणसे तेव्हाही मरत आणि त्यांपैकी बहुतेक कवी नसत, एवढी साधी गोष्ट या चित्रापुढे टिकली नाही. पुढच्या जानेवारीत राम गणेश गडकरी गेले आणि ९ मे १९१९ रोजी टिळकही गेले. वर्षभरात मराठी कवितेची तीन माणसे नाहीशी झाली. उरलेल्या कवितांना या मृत्यूंची पार्श्वभूमी मिळाली आणि बालकवींच्या बाबतीत ती पार्श्वभूमी न राहता किल्लीच होऊन बसली.

‘औदुंबर’ कवितेला ही किल्ली लावली गेली. कवितेत आहे ते एवढेच : दोन्ही काठांवर हिरवळ असलेला, बेटांतून वाहणारा निळसर सावळा झरा, पलीकडच्या टेकडीच्या बाजूला चिमुकले गाव, त्यापुढे शेतमळ्यांची हिरवी दाटी, त्या हिरव्यातून वाकडीतिकडी जाणारी पांढरी पायवाट, ती वाट जेथे जाते तो काळा डोह, आणि डोहाच्या पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. कवितेत ‘मी’ नाही. सुख, दुःख, जीवन, मृत्यू यांपैकी एकही शब्द नाही. उपमा नाही, उद्गार नाही, प्रश्न नाही. सारी कविता म्हणजे डावीकडून उजवीकडे सरकत, शेवटी एका बिंदूवर थांबणारी नजर आहे.

असे असूनही, किंवा असे असल्यामुळेच, या कवितेइतके अन्वयार्थ दुसऱ्या कुठल्याही छोट्या मराठी कवितेला लाभलेले नाहीत. ती निखळ निसर्गचित्र आहे असे म्हणणारा एक पक्ष आहे. औदुंबर म्हणजे संसाराच्या काठाशी बसलेला विरक्त योगी, असे दुसरा पक्ष मानतो. गावातून निघून डोहाशी संपणारी वाट म्हणजे जन्मापासून मरणापर्यंतचा प्रवास, असे तिसऱ्याचे म्हणणे. औदुंबर हा स्वतः कवीच आहे, गावापासून तुटलेला आणि काळोखात पाय सोडून बसलेला, असे सांगणारा चौथा पक्ष भादलीची आठवण करून द्यायला विसरत नाही. महाविद्यालयीन वर्गांत हे चारही अर्थ शिकविले जातात, आणि कवीला नेमके काय म्हणायचे होते हा प्रश्न विद्यार्थी दरवर्षी नव्याने विचारतात.

त्या प्रश्नाला चरित्रातून उत्तर मिळत नाही. हयातीत ठोंबरे यांचा एकही संग्रह निघाला नाही. कविता नियतकालिकांतून विखुरलेल्या होत्या. समग्र कवितेचे भा. ल. पाटणकर यांनी केलेले संपादन निघाले ते १९४२ मध्ये, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी. प्रस्तावनेतून स्वतःच्या कवितेचा खुलासा करण्याची संधी त्यांना आली नाही. अर्थ लावणाऱ्यांपुढे कवितेची संहिता, झाडाचा सांस्कृतिक वारसा आणि अपघाताची तारीख एवढीच सामग्री होती. या तिन्हींचे मोल सारखे नाही आणि ती वेगळी करून पाहिल्याखेरीज वादाचा निकाल लागत नाही.

झाडापासून प्रारंभ करता येईल. उंबर पाण्याच्या आश्रयाने वाढतो. जेथे उंबर तेथे जमिनीखाली पाणी, ही समजूत वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील दकार्गलाध्यायाइतकी जुनी आहे. ओढ्याच्या पुराने काठची माती वाहून गेली की उंबराची मुळे उघडी पडतात आणि थेट पाण्यात उतरलेली दिसतात. तेव्हा झाडाने पाण्यात पाय सोडले आहेत हे प्रतीक असण्याआधी डोळ्यांनी पाहिलेले दृश्य आहे, आणि खानदेशात लहानपण काढलेल्या माणसाने ते अनेकदा पाहिले असले पाहिजे. निसर्गचित्राचा पक्ष येथे बळकट आहे.

पण कवीने उंबर न म्हणता औदुंबर म्हटले. छंदाच्या सोयीसाठी असे म्हटले असेल, अशी शंका घेता येते आणि ती पूर्णपणे फेटाळता येत नाही. तथापि शब्द कोणत्याही कारणाने आला असो, तो एकटा येत नाही. मराठी मनात औदुंबर दत्तात्रेयाच्या सान्निध्यासह येतो, सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’च्या एकोणिसाव्या अध्यायातील औदुंबरमाहात्म्यासह येतो, हिरण्यकशिपूचे पोट फाडल्यावर नृसिंहाच्या नखांचा दाह ज्या फळांनी शमला त्यांच्या कथेसह येतो, नरसोबाच्या वाडीसह आणि कृष्णाकाठच्या औदुंबर क्षेत्रासह येतो. त्या झाडाखाली बसणारा साधक मराठी वाचकाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. कवितेत मात्र झाडाखाली कोणी बसत नाही, झाडच बसते. साधकाची बैठक झाडाला देण्याचा हा बदल कवीचा आहे, वाचकाचा नाही. विरक्तीचा अर्थ काढणाऱ्याला संहितेत पाय टेकायला जागा मिळते ती येथे.

पैलतीराच्या बाबतीतही असेच आहे. खेड्यातला माणूस नदीच्या काठांना ऐल-पैल म्हणतो, त्यात अध्यात्म नसते. परंतु संतकवितेने ‘पैल’ या शब्दाला जे वजन दिले ते ज्ञानेश्वरांपासून मुरलेले आहे. गाव पैल बाजूला आहे आणि वाट तिकडून डोहाकडे येते, म्हणजे पाहणारा अलीकडे, डोहाच्या बाजूला उभा आहे. घरे, शेते, माणसांची वस्ती हे सर्व पलीकडे राहिले आहे. डोहाविषयी लोकमनात धास्तीही असते. खोल डोहात आसरा राहतात, तेथे पोर उतरू नये, अशी ताकीद गावोगाव दिली जात असे. तरीही कवी त्या पाण्यावरच्या काळेपणाला गोड म्हणतो. सगळ्या कवितेत कवीचा स्वतःचा अभिप्राय म्हणावा असा हा जवळजवळ एकमेव शब्द आहे, आणि तो नेमका काळोखाला लावला आहे. हिरवा, निळसर, पांढरा, मग काळा असा रंगांचा क्रम आणि त्या क्रमाअखेरचे हे गोडपण ध्यानात घेतले, तर मृत्यूचा निर्देश पाहणाऱ्या वाचकाला केवळ कल्पनाविलासी म्हणून बाजूला सारता येत नाही. बा. सी. मर्ढेकरांनी मांडलेली भावनानिष्ठ समतानतेची कल्पना येथे उपयोगी पडते. डोहाच्या काळेपणाला मरणाची उपमा दिलेली नाही. तो काळेपणा आणि शेवटाच्या जाणिवेतील शांतता एकाच भावनेच्या पातळीवर उतरतात, एवढेच.

चौथ्या अर्थाची गोष्ट वेगळी आहे. औदुंबर म्हणजे ठोंबरे हे समीकरण कवितेतील कोणत्याही शब्दावर उभे नाही. ते ५ मे १९१८ या तारखेवर उभे आहे. कवी वृद्धापकाळी अंथरुणावर गेला असता तर हा अर्थ कोणालाही सुचला नसता, आणि कवितेतील एकही अक्षर मात्र बदलले नसते. जो अर्थ संहिता न बदलता केवळ चरित्रातील एका अपघाताने जन्मतो आणि त्या अपघातावाचून मरतो, तो कवितेचा अर्थ नव्हे. ती कवीविषयीची हळहळ आहे. हळहळ खरी असते, माणुसकीची असते, परंतु समीक्षेने तिला अर्थाच्या पंक्तीला बसवू नये.

कवीच्या मनात नसलेला अर्थ वाचकाने काढावा का, या प्रश्नावर पाश्चात्त्य समीक्षेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुष्कळ खल झाला. विमसॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूला प्रमाण मानणे हा तर्कदोष ठरविला. भारतीय काव्यशास्त्राने हा प्रश्न अधिक शांतपणे हाताळला होता. सूर्य मावळला या एका वाक्यातून गुराख्याला एक, चोराला दुसरा, अभिसारिकेला तिसरा आणि संध्या करणाऱ्याला चौथा अर्थ प्रतीत होतो, हे मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’तील विवेचन मराठीच्या अध्यापकांना परिचित आहे. मात्र तेथेही प्रत्येक अर्थाला वक्ता, श्रोता, प्रसंग यांचा आधार लागतो. व्यंग्यार्थ अनेक असू शकतात, ते निराधार असू शकत नाहीत. सहृदयाला मिळालेले स्वातंत्र्य एवढेच आहे, आणि ते कमी नाही.

वाचकांवर मनमानीचा ठपका ठेवण्यापूर्वी ‘पारवा’ ही कविता आठवावी. पडक्या धर्मशाळेच्या कौलारी बसलेला एक पारवा घुमत असतो. पारवे घुमतातच, त्यात शोक नसतो की तत्त्वज्ञान नसते. परंतु कवीला त्या घुमण्यात जगाचे दुःख ऐकू येते आणि त्या लहानशा पाखरात त्याला दुःखनिद्रेत निद्रिस्त झालेला बुद्ध दिसतो. पारव्याला यातले काहीच अभिप्रेत नव्हते. वाचकांनी पुढे औदुंबराच्या बाबतीत जे केले तेच ठोंबरे यांनी येथे पारव्याच्या बाबतीत केले आहे. फरक असलाच तर तो इतकाच की, ‘पारवा’मध्ये कवी अर्थ स्वतःच सांगून टाकतो आणि म्हणून त्या कवितेवर वाद झाले नाहीत, ‘औदुंबर’मध्ये तो पाहतो आणि गप्प राहतो. दोहोंपैकी श्रेष्ठ कविता कोणती याविषयी मतभेद होऊ शकतील. अधिक काळ वाचकाला गुंतवून ठेवणारी कोणती, याविषयी होणार नाहीत.

राहिला प्रश्न त्या माणसाचा. बालकवींच्या भोवती पदवीने उभे केलेले निरागस मूल आणि अपघाताने उभा केलेला मृत्यूचा प्रवासी या दोन्ही प्रतिमांत ठोंबरे नावाचा, उसनवारी करणारा, नोकरी शोधणारा, मित्रांत रमणारा तरुण दिसेनासा झाला. तो थोडाफार शिल्लक राहिला आहे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त. कवितेचा अर्थ लावण्याची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर नव्हती. घरात आलेल्या आणि घरचाच झालेल्या मुलाकडे त्यांनी आईच्या नजरेने पाहिले. ‘औदुंबर’ शिकविताना ‘स्मृतिचित्रे’तील ही पाने वर्गात फारशी उघडली जात नाहीत, भादली मात्र पहिल्याच तासाला सांगितली जाते.